माकडटोपीतले कंट्रोलर

त्या शनिवारी सर माकडटोपी न घालताच आत आले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून वाजवल्या. माणसाचं मन का बिघडतं यावर संशोधन करण्याचा पगार घेणारे आम्ही लोक, आणि टाळ्या वाजवत होतो! पण हे असं मधूनच सांगितलं तर कुणाला काही कळायचं नाही. आधी सर सांगायला हवेत.

सर मनोविकारतज्ज्ञ, आमच्या संशोधन विभागाचे प्रमुख. पुण्यातल्या एका जुन्या संस्थेच्या आवारात, मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आमचा विभाग. रुग्णांची तपासणी चाले ती समोरच्या इमारतीत. आमच्याकडे नुसता शोध: नैराश्याचा आजार कुणाला होतो, का होतो, कुठल्या उपचाराने कोण बरं होतं आणि कोण होत नाही. जिना चुकून वर येणाऱ्यांसाठी सरांनी स्वतःच्या अक्षरात दारावर पाटी लावली होती: ‘येथे मन बरे करून मिळत नाही. ते का बिघडते याचा येथे फक्त शोध चालतो. बरे व्हायचे असल्यास समोरच्या इमारतीत जावे.’ एकदा एका आजोबांनी ती पाटी वाचून सरांनाच विचारलं, “मग तुमचा उपयोग काय?” सर म्हणाले, “तेच शोधतोय.” आणि त्या आजोबांना घेऊन स्वतः जिना उतरून समोर पोचवून आले.

बाराही महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट, पायात चामड्याच्या चपला. स्वतःचा कप स्वतः विसळायचे. लिफ्टमध्ये कधी पाय ठेवायचे नाहीत, का तर म्हणे आत शिरलं की माणसं एकमेकांकडे बघायची बंद होतात. आणि ‘टेन्शन’ या शब्दाचा त्यांना भयंकर तिटकारा. कुणी “सर, जरा टेन्शन आहे” म्हणालं की त्याला दाराबाहेर काढायचे. “व्हरांड्यात एक फेरी मारून या आणि काय होतंय ते सांगा. भीती वाटतेय? राग आलाय? झोप लागत नाही? टेन्शन म्हणजे काय? सरळ सांगा की!”

‘सरळ सांगा की’ हे त्यांचं पालुपद. विभागात नवीन आलेलं माणूस आठवड्याभरात ते ऐकून वैतागायचं आणि महिन्याभरात स्वतःच म्हणायला लागायचं.

माझी त्यांच्याशी पहिली गाठ पडली ती मुलाखतीला, आणि पहिल्याच मिनिटाला मी हबकले. मी नागपूरची, मानसशास्त्र शिकून नोकरीसाठी पुण्यात आलेली, येरवड्यात भाड्याने खोली घेऊन राहत होते. सरांनी अर्जावरचा पत्ता वाचला आणि चष्म्यावरून बघत विचारलं, “येरवड्यात कुठे? भिंतीच्या आत की बाहेर?” तिथलं कारागृह आणि तिथलं मनोरुग्णालय यांवरून पुण्यात हा विनोद होतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी गंभीरपणे “बाहेर” म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “तुमच्या घरात वेड कुणाला लागलं होतं?”

असा प्रश्न कुणी मुलाखतीत विचारतं का? माझे कान गरम झाले. “कुणालाच नाही,” मी म्हणाले.

“मग तुम्हाला माहीत नाही,” सर म्हणाले आणि पुढचा प्रश्न विचारला.

नोकरी मिळाली. तरी तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. पावसाळा संपता संपता एके दिवशी मी त्यांच्या खोलीत गेले आणि सांगितलं की माझी एक काकू होती, ती मागच्या खोलीत असायची, तिचं ताट तिकडेच जायचं आणि पाहुणे आले की ‘तिला जरा बरं नाही’ एवढंच घरात म्हणायचे. ती गेली तेव्हाही तेच म्हणाले. हे मी आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने उच्चारत होते. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं, स्वतःच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, “बघा. सरळ सांगायला तुम्हाला एक पावसाळा लागला. आपण ज्यांच्या घरी जातो त्यांना पहिल्याच दिवशी सांगायला लावतो.”

तेव्हापासून ते मला ‘नागपूर’ म्हणायला लागले. “काय हो नागपूर, आज कुठं दौरा?” मी घाईत कधी “सर, काम होऊन राहिलंय” म्हणून गेले की ते गंभीर चेहऱ्याने विचारायचे, “होऊन राहिलंय, की होऊन मग तिथेच राहिलंय?” मी चिडायचे. मग त्यांना फार आनंद व्हायचा.

त्यांच्याबरोबर संशोधनासाठी घरोघरी जाणं म्हणजे जिवाला घोर. कुणाच्या अंगणात काय बोलतील याचा नेम नसे. धायरीत, जुन्या गावठाणातल्या एका घरी, आम्ही एका तरुणाला भेटायला गेलो होतो. पोरगा अंथरुणातून उठेना, बोलेना, जेवेना. वडील म्हणाले, “काय न्हाय झालं सायेब, नुसता आळस हाय. लगीन लावून दिलं की व्हईल सरळ.”

सर उठून अंगणात आले आणि तिथून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “तुमच्या मुलाला आजार आहे! मनाचा म्हणा, मेंदूचा म्हणा. आळस नाही, आजार आहे. औषध घेतलं तर बहुतेक बरा होईल. लग्न औषध नाही!”

वडिलांनी हात जोडले. “हळू बोला की सायेब. लोक ऐकत्यात.”

“ऐकू द्या की!” सर आणखी मोठ्याने म्हणाले. “लाजायचं काय त्यात? पोराचा पाय मोडला असता तर हळू बोलला असता का?”

मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. सहकारी म्हणून मी खाली मान घालून उभी. शेजारच्या कुंपणाशी धुणं वाळत घालणाऱ्या बाईंचा हात तसाच वर राहिला होता. आम्ही गाडीत बसताना त्याच बाई लगबगीने आल्या आणि माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, “ताई, आमच्या सुनेलाबी असंच हाय. सायबांस्नी इकडं बी यायला सांगा.” सरांनी ते ऐकलं आणि माझ्याकडे एकदा बघितलं. मग वाटभर नुसते शीळ घालत राहिले.

आजाराच्या कारणांबद्दल मात्र हा मोठ्याने बोलणारा माणूस एकदम जपून बोलायचा. “माणूस हाताला लागेल ते कारण उचलतो,” असं त्यांचं म्हणणं. “नोकरी गेली म्हणून, बायको गेली म्हणून, नजर लागली म्हणून. अहो, नोकरी शंभर जणांची जाते. त्यातला एकच का असा पडून राहतो, ते सांगा.” एकदा मोठमोठ्या तज्ज्ञांच्या सभेत त्यांना ‘नैराश्याची कारणे’ यावर बोलायला बोलावलं होतं. सर उभे राहिले, म्हणाले, “काही कळली आहेत, बरीचशी कळलेली नाहीत. कळलेली तुम्हाला माहीतच आहेत. न कळलेली मला माहीत नाहीत. चहा घेऊ या.” आणि खरंच खाली बसले. संयोजकांचे चेहरे बघवत नव्हते.

आता शनिवारचं सांगते.

आमच्या कामात एक मोठी अडचण असते. आम्ही लोकांना ठरलेले प्रश्न विचारतो. झोप कशी आहे, भूक कशी आहे, मन कशात लागतं का. प्रत्येक उत्तराला आजाराच्या जोराप्रमाणे शून्यापासून वरचा एक आकडा देतो. एकाच माणसाला मी एक आकडा दिला आणि दुसऱ्याने भलताच दिला तर सगळं संशोधन पाण्यात. म्हणून सगळ्यांचे डोळे एकसारखे व्हावे लागतात. त्यासाठी दर शनिवारी दुपारी सराव असे. सराव म्हणजे सर रुग्ण व्हायचे. आमच्यातला एक जण त्यांची मुलाखत घ्यायचा, बाकीचे भोवती बसून आपापले आकडे लिहायचे. मग आमचे संख्याशास्त्रज्ञ फडके सगळ्यांचे आकडे ताडून कुणाचं कुणाशी किती जुळलं ते सांगायचे. आजार किती हे सरावात कुणी बघत नसे, फक्त आमचं आमचं जुळलं का, एवढंच बघायचं.

सर काय नट होते! आधी ‘येतो हं’ म्हणून खोलीबाहेर जायचे. दाराबाहेरच्या खुंटीवर त्यांची एक तपकिरी माकडटोपी कायम टांगलेली असे. ती चढवायची, दारावर टकटक करायची आणि आत यायचं ते दुसरंच माणूस. कधी मार्केट यार्डातला हमाल, जो खुर्चीवर बसताना आधी चुकून पाठ वाकवायचा. कधी नवी सून. माकडटोपीवरून माझी ओढणी घेतलेली सून पाहून फडके हसता हसता खुर्चीवरून घसरले होते. मुलाखत संपली की सर तसेच बाहेर जायचे, टोपी खुंटीला लावायचे आणि आत येऊन विचारायचे, “काय हो मंडळी, जुळलं का?”

त्या शनिवारच्या वर्षभर आधीपासून मात्र एकच माणूस यायला लागला. एसटी स्टँडवरचे निवृत्त कंट्रोलर. नाव कधी सांगितलं नाही, आम्ही त्यांना कंट्रोलरच म्हणायचो. हळूहळू बोलणारा, चांगल्या वळणाचा माणूस. “पहाटे जाग येते आणि मग पुन्हा डोळा लागत नाही,” ते सांगायचे. “जेवतो की. चवीचं विचारू नका, बाई. मीठ दुप्पट पडलं तरी कळत नाही.” एकदा मीच मुलाखत घेत होते, तर ते म्हणाले, “सगळ्या गाड्या वेळेवर लागतात. लोक चढतात, जातात. मला मात्र कुठल्याच गाडीत बसावंसं वाटत नाही.” मला इतकं आवडलं ते वाक्य! घरी जाऊन मैत्रिणीला फोनवर ऐकवलं मी.

शनिवारमागून शनिवार कंट्रोलरांची तब्येत बिघडत चालली. आकडे वर सरकत होते आणि आमचं एकमेकांशी छान जुळत होतं. एकदा फडके म्हणाले, “सर, आता कंट्रोलरांना जरा सुधारू द्या. आम्हाला सौम्य आजाराचाही सराव हवा ना.”

सर हसले. “बघतो,” म्हणाले. “त्यांच्या हातात असेल तर.”

त्याच दिवसांत कँटीनच्या पोह्यांत मीठ जास्त पडलं होतं. आम्ही सगळ्यांनी एक घास खाऊन प्लेटा बाजूला सारल्या. सरांनी आपली प्लेट शांतपणे संपवली. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. “सरांचं लक्ष कुठे असतं कोण जाणे,” असं कुणीतरी म्हणालं आणि आम्ही हसलो. घरी त्यांच्या पत्नींनाही वाटत होतं की कामाने दमतात, सुट्टी घेतली की बरं वाटेल. आता जो तो कारणं शोधतो. म्हणे निवृत्ती जवळ आली होती, म्हणे इतकी दुःखं ऐकून ऐकून झालं. ऐकलं की माझं डोकं फिरतं. हाताला लागेल ते कारण उचलू नका, हेच तर ते आयुष्यभर सांगत होते.

प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा. त्याचा एक नियम सरांनी आमच्याकडून घोकून घेतला होता. नुसते विचार नाहीत, माणसाने काही ठरवलंय असं दिसलं, म्हणजे त्या प्रश्नाला सगळ्यात वरचा आकडा पडला, की कागद खाली ठेवायचा. त्या माणसाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. त्याला चालत समोरच्या इमारतीत घेऊन जायचं. “संशोधन गेलं खड्ड्यात,” सर बजावायचे. “आधी हात धरा.” आमच्यातल्या प्रत्येकाने कुणा ना कुणाचा हात असा धरलेला होता. शनिवारी अर्थात हा नियम लागू नसे. नाटकातल्या माणसाचा हात कोण धरणार?

तर त्या शनिवारी सर नेहमीसारखे ‘येतो हं’ म्हणालेच नाहीत. आम्ही जमलो होतो. दार उघडलं आणि ते सरळ आत आले, उघड्या डोक्याने, आणि रुग्णाच्या खुर्चीवर बसले. खांदे पडलेले, हात मांडीवर उताणे. टोपीबिपी काही नाही, आणि तरी समोर कंट्रोलरच बसलेले! फडके म्हणाले, “वा! आता टोपीचीसुद्धा गरज उरली नाही!” आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

मुलाखत घेणार होती मृण्मयी, आमच्याकडे नव्यानेच लागलेली, चुणचुणीत मुलगी. तिने सगळे प्रश्न नीट विचारले. उत्तरं अगदी तुटक आली. शेवटच्या प्रश्नाला ती जरा पुढे झुकली, शिकवलं होतं तशी.

“काका, आयुष्य संपवावं असं वाटतं का?”

“वाटतं.”

“काही ठरवलंय का तसं?”

“हो.”

“कधी?”

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. “आजचं इथलं काम झालं की.”

मृण्मयीने आमच्याकडे बघून भुवया उंचावल्या. ‘काय अॅक्टिंग आहे!’ असा तो भाव होता. तिने आकडा लिहिला. आम्ही सगळ्यांनी खाली मान घालून लिहिला. सर उठले, क्षणभर खुर्चीची पाठ धरून थांबले आणि बाहेर गेले.

फडक्यांनी कागद गोळा केले आणि एकेकाचे आकडे बघता बघता त्यांचा चेहरा फुलला. “एकाही ठिकाणी फरक नाही! सगळ्यांचे सगळे सारखे! असं आजवर कधी झालं नव्हतं.” मृण्मयी दाराकडे तोंड करून ओरडली, “सर, ऐकलंत का? टोटल मॅच!”

दार उघडलं नाही. आम्ही वाट बघत राहिलो. कुणीतरी चहाचं काढलं. मी हसत हसत दार उघडलं, सरांना आत बोलवायला, तर व्हरांडा रिकामा. खुंटीवर माकडटोपी होती. ती सकाळपासून तिथेच होती. सरांनी आज ती चढवलीही नव्हती आणि उतरवलीही नव्हती, मग आत्ता आत येऊन बोलून गेलं ते कोण?

मी जिन्यावरून कशी उतरले ते मला आठवत नाही.

सर शेवटच्या पायरीवर बसले होते. चपला काढून शेजारी नीट जोडून ठेवलेल्या. समोर आवार, आवारापलीकडे ती समोरची इमारत. माझ्या पावलांचा आवाज ऐकूनही त्यांनी वळून बघितलं नाही.

“जुळलं का हो, नागपूर?” त्यांनी विचारलं.

“जुळलं,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणायचं होतं? “सगळ्यांचं.”

“शेवटच्या प्रश्नाला किती?”

“सगळ्यात वरचा.”

“सगळ्यांनी?”

“सगळ्यांनी.”

“मग कागद कुणीच कसा खाली ठेवला नाही?” ते रागावून म्हणाले नाहीत. खरंच माहिती हवी असल्यासारखं विचारलं. “मी इथे बसून वाट बघतोय. म्हटलं, कुणीतरी येईल.”

मला रडू फुटलं, आणि रडता रडता संतापही आला. त्यांचा, आमचा, त्या मेल्या माकडटोपीचा. ‘सरळ सांगा की’ म्हणून अख्ख्या पुण्याला दरडावणारा हा माणूस, आणि याला स्वतःचं दुखणं सांगायला एसटीचे कंट्रोलर लागले! एक वर्षभर तो आम्हाला सांगत होता आणि आम्ही आकडे लिहीत होतो. पण हे बोलायची ती वेळ नव्हती. मी त्यांचा हात धरला. गार पडला होता. “चला सर,” म्हणाले. त्यांनी एखाद्या शहाण्या मुलासारख्या चपला पायात घातल्या आणि माझ्याबरोबर चालायला लागले.

समोरच्या इमारतीत केसपेपरच्या खिडकीपुढे बाकांवर बरीच मंडळी बसली होती. खिडकीतल्या गृहस्थांनी सरांना पाहिलं आणि ते लगेच उठून उभे राहिले. इतक्या वर्षांत सरांनी किती माणसं हाताला धरून तिथे आणली होती. त्या गृहस्थांनी माझ्या रडलेल्या तोंडाकडे बघितलं, मग आमच्या हातांकडे, आणि मवाळ आवाजात विचारलं, “या ताईंना आणलंत का सर? नाव काय लिहू?”

सरांनी तोंड उघडलं. ओठ हलले, पण शब्द काही येईना. पुन्हा प्रयत्न केला. मग कसंबसं म्हणाले, “माझं लिहा.”

ते गृहस्थ हसले. “काय सर, तुमचं आपलं काहीतरीच असतं!” बाकांवरचेही एकदोघे हसले.

सरांचा हात माझ्या हातातून सुटायला लागला. तेही हसण्याच्या बेतात होते, मला स्पष्ट दिसत होतं. हसले असते तर पुन्हा सगळं नाटक झालं असतं, आणि ते मागे वळून निघून गेले असते.

“हसून काय राहिले तुम्ही?” मी ओरडले. नागपूरचा सगळा आवाज लावून ओरडले. “पेशंट हे आहेत! सरांना आजार आहे. डॉक्टरांना बोलवा, आत्ताच्या आत्ता!”

बाकांवरच्या सगळ्यांच्या माना वळल्या. सरांनी माझा हात घट्ट धरला, माझ्याकडे झुकले आणि त्या धायरीच्या बापाने म्हटलं होतं तसंच, अगदी काकुळतीने म्हणाले,

“अहो, हळू बोला. लोक ऐकतायत.”

“ऐकू द्या की, सर,” मी म्हणाले.